चुकचुकण्यावरून नातं ठरत नाही

वाईट बातमी कानावर आली की आपण जीभ दातांमागे टेकवून ‘च्च च्च’ करतो. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेनं ‘टक् टक्’ करतो. मराठीत या आवाजांचे शब्द होत नाहीत. उत्तर टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात राहणारे हादझा लोक मात्र असेच आवाज ‘क’, ‘त’सारखी व्यंजनं म्हणून वापरतात. ही भाषा बोलणारे जेमतेम १०००.

याच आवाजांमुळे एक समज घट्ट बसला: दक्षिणेतल्या कलहारी वाळवंटाकडच्या भाषांतही असे आवाज आहेत, म्हणजे हादझा त्यांचीच बहीण. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ च्या वर्गीकरणात हादझा आणि तिच्या शेजारची सांडावे या दोघींना दक्षिणेकडच्या भाषांबरोबर ‘खोइसान’ कुळात घातलं, आणि पुढं कित्येक पुस्तकांत तेच छापलं गेलं.

पण आवाज उसने घेता येतात. झुलू आणि खोसा या बांटू भाषांनी ते शेजाऱ्यांकडून उचलले. केनियातली दहालो कुशिटिक कुळातली, तिच्यातही ते आहेत. आपला ‘ळ’ कन्नडमध्येही आहे, म्हणून मराठी द्राविडी होत नाही. नातं शोधायचं ते रोजच्या शब्दांत, सर्वनामांत, प्रत्ययांत. आणि तिथंही ध्वनींची तीच जोडी पुन्हा पुन्हा जुळावी लागते. ‘पितृ’ला ‘फादर’, ‘पाद’ला ‘फूट’, ‘पंच’ला ‘फाइव्ह’: ‘प’च्या जागी दर वेळी ‘फ’. हादझाची अशी ओळ कुणाशीच लागत नाही. सांडावेचा धागा दक्षिणेतल्या खोए भाषांशी जुळत असावा, असं काही अभ्यासक मानतात. हादझाचा तेवढाही नाही. ‘खोइसान’ हे एकच कुळ आहे, हेही आता बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली भाषाही हादझासारखीच एकटी: शेजारच्या कोरकू भाषेचे ढीगभर शब्द घेतलेली, तरी कोरकूची बोली नव्हे.

दुसरा समज मला जास्त खटकतो. कुळ सापडत नाही, म्हणजे ही माणसाची पहिलीवहिली, अर्धीमुर्धी भाषा! एकटी भाषा म्हणजे जिचे नातलग नामशेष झाले किंवा ओळखू येईनासे झाले. ती स्वतः इतर भाषांइतकीच बदलत आलेली असते. हादझात नामाला पुल्लिंग-स्त्रीलिंग आहे, क्रियापदं प्रत्ययांनी भरलेली आहेत. चरणाऱ्या झेब्र्याला ‘डोंगोको’ म्हणतात. शिकार साधल्याची वर्दी देताना त्याच झेब्र्याचं नाव होतं ‘हंटायी’. मोठ्या जनावरांना अशी दुसरी, आनंदाची नावं आहेत, आणि वस्तीकडे परतणारा शिकारी ती उच्चारतो तेव्हा शिकार साधली, हे ऐकणाऱ्यांना कळतं.