नियम बदलायचे कोणी?

बेळगाव शहराला लागून कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द अशी दोन गावे आहेत. नाव एक, शिवारे दोन. संगणकी चलनाच्या दुनियेतही असेच बुद्रुक-खुर्द झाले, त्याची हकीकत वाचकांनी समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. कारण या चलनात पैसा घालणारे तरुण आता केवळ मुंबई-बंगलोरचे राहिलेले नाहीत.

बिटकॉइनला रिझर्व्ह बँक नाही, गव्हर्नर नाही. नियम बदलायचा तर कोणीही लेखी प्रस्ताव मांडावा, जाणकारांनी त्याची चिरफाड करावी, व्यवहारांची नवी पाने वहीला जोडणाऱ्या 'खाणकऱ्यां'नी संमतीची खूण करावी, आणि आपल्या संगणकावर ती वही सांभाळणाऱ्यांनी नवा नियम चालवावा. कोणाचीच कोणावर सक्ती नाही. या वहीच्या पानाचा आकार वाढवावा की नाही, यावरून वर्षानुवर्षे धुमसणारा वाद २०१७ साली विकोपास गेला. 'सेगविट' या सुधारणेस ९५ टक्के खाणशक्तीची संमती हवी होती; ती मिळेना. तेव्हा वही सांभाळणाऱ्यांपैकी काहींनी १ ऑगस्टची मुदत घातली : त्यानंतर सेगविटला संमती न देणारी पाने आम्ही स्वीकारणार नाही! या दडपणाने आणि बड्या कंपन्यांच्या तडजोडीने संमती मिळाली व ऑगस्टअखेर सुधारणा लागू झाली. मोठी पाने हवी असलेले मात्र त्याच १ ऑगस्टला 'बिटकॉइन कॅश' घेऊन वेगळे निघाले. २०२१ च्या 'टॅपरूट' सुधारणेला ९० टक्क्यांची अट होती. ती विनातंटा पार पडली.

गोव्याची गावकरी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात फारसे नवल वाटू नये. १५२६ च्या फोरालात नोंदलेल्या त्या व्यवस्थेतही गावकरांच्या संमतीलाच वजन होते. पण गावकर सभेला बसत असे! आमचा तरुण नाणी बाजारमंचाच्या हवाली ठेवतो. वही त्याच्यापाशी नाही, मतही नाही. उद्या पुन्हा वाटणी झाली तर दुसऱ्या नाण्यांतील त्याचा वाटा हाती पडेल की नाही, हे मंचाच्या मर्जीवर. सरकारने एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसविला, आणि तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्याची सोयही ठेवली नाही. कर घेणाऱ्या सरकारने निदान एवढे तरी करावे : वाटणी झाल्यास ग्राहकाच्या नाण्यांचे काय होणार, हे प्रत्येक मंचाने पैसे घेण्यापूर्वी मराठीत आणि कानडीत लिहून देण्याची सक्ती करावी.