ओखल्याची चिमणी आणि हवेचा हिशेब

दक्षिण दिल्लीतल्या सुखदेव विहारच्या गच्चीवर उभं राहिलं की ओखल्याच्या कचरा-वीज प्रकल्पाची चिमणी समोर दिसते. शहराचा कचरा जाळून १६ मेगावॅट वीज तयार करायची, म्हणून हा प्रकल्प जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाला. दिल्लीत असा प्रयोग त्याआधीही झाला होता. १९८७ साली डेन्मार्कच्या मदतीने तिमारपूरला रोज ३०० टन कचरा जाळणारी भट्टी उभी राहिली. आलेला कचरा ओला आणि मातीने भरलेला निघाला, आणि भट्टी जेमतेम २१ दिवस चालून थंडावली. ओखल्याची भट्टी टिकली, आणि शेजाऱ्यांची लढाईही टिकली. प्रकल्प सुरू होण्याआधीच, २००९ मध्ये, रहिवासी उच्च न्यायालयात गेले होते. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लवादाने प्रकल्प चालू ठेवायला परवानगी दिली, पण २५ लाख रुपयांची पर्यावरण भरपाईही भरायला लावली.

या साऱ्या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: या चिमणीमुळे इथल्या माणसाच्या श्वासात नेमकी किती भर पडते? उत्तर शोधायचं तर आधी भट्टीत डोकवायला हवं.

गाड्या कचरा खोल कुंडात ओततात. क्रेन तो उचलून सरकत्या जाळीवर सोडते आणि तिथे तो पेटतो. वायू किमान ८५० अंश सेल्सिअसवर दोन सेकंद राहिला पाहिजे, असा युरोपचा नियम आहे. एवढ्या उष्णतेत डायऑक्सिनसारखी विषारी संयुगं तुटतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बॉयलरमधून जाताना वायू थंड होतो, आणि साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात राखेतला कार्बन, क्लोरीन आणि तांबं यांच्या संगतीने डायऑक्सिन पुन्हा जन्माला येतं. कचराभट्टीच्या उडत्या राखेत डायऑक्सिन असतं, हे १९७७ साली केस ओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅमस्टरडॅममध्ये दाखवून दिलं. पुढच्या काळात चुना, सक्रिय कोळशाची भुकटी आणि कापडी पिशव्यांची गाळणी हे भट्टीचे नेहमीचे भाग झाले. वीज देणारं टर्बाइन सगळ्यांना दाखवलं जातं. माणसांचं रक्षण मात्र या पिशव्या करतात.

आता मोजणी. आपल्याकडच्या २०१६च्या घनकचरा नियमांनी चिमणीच्या एक घनमीटर वायूत धूलिकणांना ५० मिलिग्रॅमची आणि डायऑक्सिन-फ्युरानला ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. धूळ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांसाठी चिमणीत चोवीस तास चालणारी यंत्रं बसवता येतात. डायऑक्सिनचा आकडा तसा पडद्यावर उमटत नाही. त्यासाठी तंत्रज्ञ उंच मचाणावर चढून चिमणीत नळी घालतो. वायू ज्या वेगाने वर चालला आहे, त्याच वेगाने नळीतही ओढावा लागतो. वेग चुकला तर कणांचं प्रमाण चुकतं. सहा ते आठ तास असा नमुना घेतला जातो. मग प्रयोगशाळेत डायऑक्सिन-फ्युरानची १७ घातक संयुगं वेगवेगळी मोजून, प्रत्येकाच्या विषारीपणानुसार त्यांची बेरीज होते.

काम अतिशय कौशल्याचं आहे, पण ते वर्षातल्या मोजक्याच तासांबद्दल बोलतं. ते तासही बहुधा भट्टी नीट तापलेली असतानाचे. भट्टी पेटवताना, विझवताना किंवा ओल्या कचऱ्याने ती गुदमरते तेव्हा काय बाहेर पडतं, हे त्या चाचणीच्या कागदावर येत नाही. नेदरलँड्समधल्या हार्लिंगन गावी २०११ मध्ये आधुनिक भट्टी सुरू झाली. दोन वर्षांनी आसपासच्या परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायऑक्सिन मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. कोंबडी माती टिपते, म्हणून मातीत पडलेलं तिच्या अंड्यात उतरतं. मग तिथे आठवडेच्या आठवडे चालणारं नमुना-यंत्र चिमणीत बसवलं गेलं, आणि बिघाडाच्या काळातला धूरही हिशेबात आला.

चिमणीतून निघालेला वायू जमिनीवर किती पोहोचतो, हा पुढचा टप्पा. त्यासाठी चिमणीची उंची, वायूचं तापमान आणि वेग, शेजारच्या इमारती आणि तासातासाचा वारा संगणकाच्या प्रारूपात घालावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर थंड हवेचा थर बसतो आणि धूर वर जायचा थांबतो. म्हणून वर्षाची सरासरी दिलासा देणारी असली, तरी हिवाळ्यातल्या रात्रीचा आकडा वेगळा मागितला पाहिजे. शिवाय दिल्लीची हवा आधीच धुळीने इतकी भरलेली की एका चिमणीची भर त्यात सहज लपते. ती वेगळी काढायची तर प्रकल्पाआधीची नोंद हवी, किंवा शिसं, कॅडमियम, डायऑक्सिन अशा खुणांचा माग घ्यायला हवा.

याचा अर्थ प्रत्येक भट्टी घातक असते, असा नाही. ब्रिटनमध्ये इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २२ भट्ट्यांच्या परिसरातले, २००३ ते २०१० या काळातले दहा लाखांहून अधिक जन्म तपासले. भट्टीतल्या धूलिकणांचा आणि शिशुमृत्यूचा संबंध त्यांना आढळला नाही. मात्र त्याच गटाच्या जोडअभ्यासात भट्टीजवळच्या वस्तीत काही जन्मजात दोषांचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, आणि त्याचं कारण भट्टीच आहे असं म्हणण्याची घाई त्यांनी केली नाही. इतकं नेमकं बोलता आलं, कारण वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी होत्या.

हा विषय आता महाराष्ट्राच्याही दारात आहे. पिंपरी-चिंचवडच्या मोशीतला कचरा-वीज प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला, मुंबईत देवनारलाही एक प्रकल्प हाती घेतला गेला. अशा चिमणीजवळ राहणाऱ्यांनी आपल्या महापालिकेकडे चार गोष्टी मागाव्यात: प्रकल्पाआधीच्या हवेची नोंद, चिमणीचे रोजचे आकडे प्रवेशद्वाराबाहेर फलकावर, डायऑक्सिनचं दीर्घकाळ चालणारं मापन, आणि आसपासच्या माती, दूध, अंड्यांची नियमित तपासणी. आणि आपल्या घरातला ओला कचरा वेगळा ठेवावा, पीव्हीसीसारखं क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळायच्या कचऱ्यात जाऊ देऊ नये. हवा स्वच्छ असल्याचा पुरावा देणं हे भट्टी चालवणाऱ्याचं काम आहे. तो मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत मागत राहायला हवं.