ड्रोन सर्व्हेचा धंदा: फ्लाइट प्लॅनिंगचं ॲप निवडताना आधी हे बघा

ड्रोन सर्व्हेच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच: "सर, प्लॅनिंगसाठी कोणतं ॲप घेऊ?" ॲपचं नाव सांगायला दोन सेकंद लागतात. पण तुमचं कोटेशन बरोबर येणार की खिशातून पैसे जाणार, हे याच पायरीवर ठरतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं टूल फुकट आहे आणि ते कोणत्याही ॲपच्या आधी उघडायचं: डिजिटल स्कायचा एअरस्पेस नकाशा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या झोनला एटीसीची परवानगी लागते. लाल झोनसाठी थेट केंद्र सरकारची, तो विषय सध्या सोडून द्या. झोन बदलू शकतात, म्हणून कामाच्या दिवशी नकाशा परत बघायचा.

आता यात पैशांचा काय संबंध? हिशोब करू. २५ एकरांचा चौकोनी प्लॉट, म्हणजे अंदाजे ३२० बाय ३२० मीटर. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा. १२० मीटरवरून एका फोटोत १८० मीटर रुंदी येते. बाजूचा ओव्हरलॅप ७० टक्के धरला, तर ५४ मीटरवर एक फेरी, म्हणजे ६ फेऱ्या. सेकंदाला ५ मीटर वेगाने साडेसहा मिनिटं. हेच काम ६० मीटरवरून करावं लागलं तर १२ फेऱ्या, तेरा मिनिटं, वळणांचा वेळ वेगळा. आणि फोटो? पुढचा ओव्हरलॅप ८० टक्के ठेवलात, तर ८०च्या जागी ३२० च्या आसपास. तुमची बॅटरी पंधरा मिनिटं टिकत असेल तर एकीच्या जागी दोन लागतील, आणि फोटो जोडायला कॉम्प्युटर कितीतरी जास्त वेळ घेईल. प्लॉट विमानतळाच्या पट्ट्यात आहे हे कोटेशन दिल्यावर कळलं, तर हा सगळा खर्च तुमचाच.

(६० मीटरवरून फोटो जास्त बारीक येतो हे खरं. पण ग्राहकाने तो मागितलाय का?)

आता ॲप. ते किती छान दिसतं हे नंतर, आधी ते तुमच्या ड्रोनवर चालतं का ते बघा. ड्रोनडिप्लॉय, पिक्सफोरडी कॅप्चर ही नावं यूट्यूबवर सारखी ऐकू येतात, पण त्यांचा भर मुख्यतः डीजेआयच्या ड्रोनवर राहिला आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे. देशात बनलेला, आर्डुपायलटवर चालणारा ड्रोन घेतलात, तर मिशन प्लॅनर किंवा क्यूग्राउंडकंट्रोल वापरता येतं. दोन्ही मोफत. विक्रेत्याने स्वतःचं बंदिस्त ॲप दिलं असेल तर मात्र खरेदीआधीच डेमो मागा, बिल फाडल्यावर नाही.

डेमोत दोन गोष्टी तपासा. नकाशा आधी उतरवून ऑफलाइन वापरता येतो का? कारण शिवारात रेंज मिळेलच असं नाही. आणि टेरेन फॉलो आहे का? मावळ, भोर, चिपळूणकडे काम करणाऱ्यांनी हे अजिबात सोडू नका. साध्या प्लॅनमध्ये उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते. पायथ्याहून ६० मीटरचा प्लॅन टाकला आणि पुढे ४० मीटरचा चढ आला, तर ड्रोन जमिनीपासून फक्त २० मीटरवर राहतो. वर झाड असेल तर संपलंच. झाड नसलं तरी ओव्हरलॅप इतका घटतो की नकाशात भोकं पडतात आणि परत फेरी मारावी लागते.

पेड सबस्क्रिप्शनची घाई करू नका. बऱ्याचदा त्यात उड्डाणापेक्षा फोटो जोडण्याचे पैसे असतात, आणि ते काम ओपनड्रोनमॅप या मोफत सॉफ्टवेअरवरही होतं. फक्त कॉम्प्युटरची रॅम चांगली हवी. महिन्याला नियमित कामं यायला लागली, की मग पेडचा विचार करा.

आणि हो, व्यवसायासाठी २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच. ॲप शिकण्याच्या आधी त्या बॅचला नाव घाला.