एक रुपयाला एक डॉलर? रुपयाच्या दराविषयीचे गैरसमज

15 ऑगस्ट 1947 रोजी एक डॉलर एका रुपयाला मिळत होता, हे विधान दर स्वातंत्र्यदिनाला नव्याने फिरू लागते. ते खरे नाही. त्या दिवशी डॉलरचा दर सुमारे 3 रुपये 31 पैसे होता. तेव्हाच्या हिशेबाने जवळपास 3 रुपये 5 आणे.

हा आकडा अंदाजाने काढलेला नाही. तेव्हा रुपया डॉलरशी नव्हे, पौंडाशी बांधलेला होता. 1927 च्या चलन कायद्याने एका रुपयाचा भाव 1 शिलिंग 6 पेन्स ठरला होता, म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंडाचा डॉलरमधला भाव 4.03 होता. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की 3.31 येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे भारताने नोंदवलेला दरही हाच होता. त्याआधीही बरोबरी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी पौंडाला 15 रुपये पडत, आणि तेव्हाही डॉलर तीन रुपयांच्या थोडा वरच होता.

या दंतकथेला एक कारणही चिकटवले जाते: तेव्हा देशावर कर्ज नव्हते, म्हणून रुपया डॉलरच्या तोडीचा होता. विनिमय दर कर्जाच्या खतावणीतून निघत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताने पुरवलेल्या मालाचे पैसे ब्रिटनकडेच थकले होते आणि ही पौंडांतली येणी शंभर कोटी पौंडांहून अधिक होती. भारत असा धनको असतानाही डॉलर 3.31 रुपयांचाच होता.

रुपया महाग म्हणजे देश बलवान, ही समजूत अधिक खोल रुजलेली आहे. 1926 मध्ये हिल्टन यंग आयोगाने 1 शिलिंग 6 पेन्सचा दर सुचवला, तेव्हा त्याला भिन्नमतपत्रिका जोडणारे पुरुषोत्तमदास ठाकुरदास मुंबईच्या व्यापारी जगतातले होते, आणि त्यांना रुपया स्वस्त हवा होता: 1 शिलिंग 4 पेन्स. रुपया महाग झाला की विलायती कापड स्वस्त पडते आणि गिरण्यांचा माल मागे राहतो, असा हा वाद होता. महाग रुपयासाठी अडून बसले होते ते ब्रिटिश सरकार. याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाविषयीचा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. जपानचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 1949 ते 1971 या काळात डॉलरला 360 येन मोजावे लागत, आणि त्याच काळात जपान औद्योगिक महासत्ता झाला. एका नाण्याचे किती तुकडे पाडायचे हा निव्वळ मोजणीचा प्रश्न आहे. अर्थ असतो तो दर कुठून कुठे गेला याला.

सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि रुपयाही त्याच्याबरोबर उतरला. डॉलर 4.76 रुपयांवर गेला, पौंडाचा दर मात्र तसाच राहिला. पाकिस्तानने अवमूल्यन नाकारले. त्यामुळे त्याच्या 100 रुपयांना भारताचे 144 रुपये पडू लागले. भारताने हा दर मानला नाही, दोन देशांमधला व्यापार खोळंबला आणि कोलकात्याच्या ताग गिरण्यांना कच्च्या मालाची चणचण भासली. पाकिस्तानलाही 1955 मध्ये अखेर अवमूल्यन करावे लागले.

6 जून 1966 च्या अवमूल्यनाचे दोन आकडे वाचायला मिळतात, 36.5 टक्के आणि 57.5 टक्के. त्यातला एक चुकीचा असावा असे वाटते, पण दोन्ही बरोबर आहेत. डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. रुपयाच्या बाजूने पाहिले तर त्याची किंमत 36.5 टक्क्यांनी घटली. डॉलरच्या बाजूने पाहिले तर तो 57.5 टक्क्यांनी महागला. अवमूल्यनाची तीव्रता कमी किंवा जास्त दाखवायची असेल त्याप्रमाणे आकडा निवडला जातो, एवढेच.

रुपयाची खरी घसरण जुलै 1991 मध्ये झाली, हेही अर्धसत्य आहे. त्या महिन्याच्या 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत डॉलर साधारण 21 वरून 26 रुपयांच्या आसपास गेला. पण 1980 च्या सुमारास तो आठ रुपयांच्या आत होता. आठवरून एकवीसपर्यंतचा प्रवास दशकभरात, कोणत्याही घोषणेविना झाला. 1975 पासून रुपया अनेक चलनांच्या समूहाशी जोडलेला होता आणि रिझर्व्ह बँक तो हळूहळू खाली येऊ देत होती.

रुपया नेहमी पडतोच असेही नाही. 2002 मध्ये 49 च्या आसपास असलेला डॉलर 2007 च्या अखेरीस 40 रुपयांच्या खाली आला होता, आणि तेव्हा तक्रार करत होत्या त्या डॉलरमध्ये कमावणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या.

दर सरकार ठरवते, ही समजूत जुन्या व्यवस्थेतून आली आहे. मार्च 1992 मध्ये दुहेरी दर आले आणि मार्च 1993 मध्ये ते एक होऊन बाजारावर सोडले गेले. तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या जवळ होता. आता बँकांमधल्या खरेदी-विक्रीतून दर निघतो. रिझर्व्ह बँक ठरावीक पातळी जाहीर करत नाही, मात्र चढउतार फार झाले की स्वतः डॉलर विकते किंवा घेते. दीर्घकाळात या दरावर महागाईतल्या फरकाचा मोठा प्रभाव पडतो. भारतात भाव वर्षाला सहा टक्क्यांनी आणि अमेरिकेत दोन टक्क्यांनी वाढत असतील, तर रुपया वर्षाला सुमारे चार टक्के उतरूनही भारतीय माल परदेशात पूर्वीइतकाच महाग किंवा स्वस्त राहतो.