आईची एचआरटी: डॉक्टर ‘आता बंद करा’ म्हणाले तर?

आजचा विषय आपल्या आईचा, मावशीचा, आत्याचा आहे. घरात ती स्वतः तो काढेल याची खात्री नाही, म्हणून आपण काढूया.

समजा, आई ५३ वर्षांची आहे. पाळी गेल्यावर अंगातून वाफा, रात्री घामाने चिंब, झोप नाही, चिडचिड. गायनॅकने एचआरटी, म्हणजे हार्मोनची औषधं दिली आणि ती माणसात आली. मग डॉक्टर बदलले. नवीन डॉक्टर म्हणाले, “बरीच वर्षं झाली, कॅन्सर होईल, बंद करा.” गोळ्या थांबल्या आणि काही आठवड्यांत वाफा परत सुरू.

ही भीती आली कुठून? अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासातून. त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. बातमी आली, ‘स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला’. जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या, डॉक्टरांनी लिहायचं कमी केलं.

आता तेच २६ टक्के माणसांत मोजूया. दर १०,००० बायकांमागे वर्षाला, औषध न घेणाऱ्यांत साधारण ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. धोका खरा आहे, पण ‘घेतलं की कॅन्सर’ असा नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आपली ५३ वर्षांची आई त्या सरासरीपेक्षा दहा वर्षांनी लहान आहे.

म्हणून आजची तज्ज्ञांची भूमिका काय? वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास असेल आणि इतर अडचण नसेल, तर बहुतेक बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त. वाफा कमी होतात, हाडंही टिकतात. आणि ‘पाच वर्षं झाली की बंद’ असा सरसकट नियम नाही. एकत्र गोळ्यांमध्ये वर्षं वाढतात तसा स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे खरं. म्हणून दरवर्षी बसून हिशेब करायचा: त्रास किती, धोका किती, डोस कमी करता येईल का?

डॉक्टरांची काळजी काही वेळा अगदी बरोबर असते. आधी स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हार्ट ॲटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेला असेल, लिव्हरचा गंभीर आजार असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर ‘नको’ या शब्दाला वजन आहे.

पण कारण सांगायला हवं. त्यासाठी आईसोबत जा आणि हे विचारा:

१. माझ्या तब्येतीत नेमका कोणता धोका दिसतोय, की फक्त वर्षं मोजून सांगताय?

२. गोळीऐवजी कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच चालेल का? इस्ट्रोजेन कातडीतून नेहमीच्या डोसमध्ये घेतल्यास गुठळीचा धोका तोंडावाटे घेण्यापेक्षा कमी असतो.

३. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन आहे ना? ते नसेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो.

४. बंदच करायचं तर हळूहळू कमी करू का? असं केल्याने सुरुवातीला त्रास कमी उसळतो.

५. त्रास फक्त खालच्या कोरडेपणाचा किंवा लघवीच्या जळजळीचा असेल, तर तिथे लावायचं क्रीम चालेल का? त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं.

आणखी एक महत्त्वाचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला होता, आठवतंय? त्यात कितीतरी जणी तिशीच्या आसपासच्या होत्या. पिशवीसोबत अंडाशयंही गेली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. इतक्या कमी वयात हार्मोन गेले की हाडं आणि हृदय दोन्हींना फटका बसतो. अशा बाईला अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असा सल्ला आहे. तिच्यासाठी ६३ वर्षांच्या बायकांचे आकडे लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घालणं.

उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. जुनी चिठ्ठी, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. मात्र मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळ्या आणत राहू नका. दरवर्षीची तपासणी चुकवून औषध चालू ठेवणं धोक्याचंच.

आज रात्री जेवताना आईला एवढंच विचारा: “तुला झोप लागते का गं?” पुढचं ती बोलेल. भेटूया पुढच्या भागात.