चार्ल्स्टनची बरबटी, गोंदियाचा भात

दिवाळीच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी सुरू झालेली असते, भारी धान अजून बांधीत उभं असतं आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरायला लागते. पाहुणे येतात, दंडार रात्रभर रंगते, शाळांना सुट्टी असल्यामुळे घर मुलांनी भरून जातं. फराळ चार दिवसांत नकोसा होतो. मग मुलं म्हणतात, काहीतरी वेगळं करा, अमेरिकेतलं करा. त्यांच्या मते अमेरिकेतलं म्हणजे बर्गर आणि नगेट्स. ही समजूत त्यांच्या डोक्यात जाहिरातींनी घातली आहे, आणि ती दूर करायला स्वयंपाकघरासारखी दुसरी जागा नाही.

अमेरिका प्रांताप्रांतानं जेवते. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचं जेवण वेगळं, लुइझियानाचं वेगळं, मेक्सिकोच्या सीमेलगतचं आणखी वेगळं. त्यातले कितीतरी पदार्थ तांदूळ, मका, बरबटी, कोहळं, भेंडी आणि टमाटर यांच्यावर उभे आहेत. म्हणजे आपल्या कोठीत आणि परसात जे आहे त्यावरच. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अमेरिकेचं धान्य ठाऊक आहे ते १९७२ च्या दुष्काळात आलेल्या लाल मिलोमुळे आणि शाळेत वाटल्या जाणाऱ्या दूध पावडरीमुळे. मुलांना त्या देशाची ओळख याहून चांगल्या वाटेनं व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात भातापासूनच करावी, कारण आपला जिल्हा धानाचा. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर साउथ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. चार्ल्स्टन हे तिथलं जुनं बंदर. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं भातशेती वाढली आणि पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्या भागातले मळेवाले तांदळावर गब्बर झाले. शेती मात्र केली ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. त्यांच्यातले कित्येक जण भात पिकवणाऱ्या मुलखातले होते. बांध घालणं, पाणी अडवणं, सोडणं, रोपांची निगा राखणं, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. धान ते उखळात मुसळानं कांडत आणि गवताच्या पसरट टोपलीत पाखडत. गुलामगिरी संपल्यावर तिथली भातशेती ढासळली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ बंद पडली. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ आर्कान्सा राज्यात पिकतो. पण त्या गुलामांचे वंशज, ज्यांना गल्ला म्हणतात, चार्ल्स्टनच्या आसपास अजूनही तशाच टोपल्या विणतात. आमच्या घरातल्या मुलांनी त्या टोपलीचं चित्र पाहिलं तेव्हा सगळ्यात धाकटी ओरडली, "आजी, हे त आपलंच सूप आहे!" मग तिला खरंच सूप दिलं, अंगणात बसवलं आणि भातासाठी काढलेले तांदूळ पाखडायला लावले. अर्धे जमिनीवर गेले. आजीनं तिची दोन्ही मनगटं धरून झटका कसा द्यायचा ते दाखवलं, आणि तूस पुढे सरकून पडलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

याच मुलखातला पदार्थ म्हणजे हॉपिन जॉन. बरबटी आणि भात एकत्र शिजवायचा, बस. तिथं लागते ती काळ्या डोळ्याची बरबटी. ही चवळीही मूळची आफ्रिकेचीच, गुलामांच्या जहाजांबरोबर पलीकडे गेलेली. १ जानेवारीला हा भात खाल्ला की वर्ष भरभराटीचं जातं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. बरबटीचे दाणे म्हणजे नाणी आणि सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा.

करायची रीत अशी. वाटीभर बरबटी रात्री भिजत घालावी. निवडायचं काम पाच-सहा वर्षांच्या मुलांना द्यावं. खडा वेगळा काढायला त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. सकाळी ती मोकळ्या भांड्यात शिजवावी, दाणा मऊ व्हावा पण फुटू नये. शिजलेलं पाणी फेकायचं नाही, त्या भाताचा सगळा जीव त्या पाण्यात आहे. दुसऱ्या भांड्यात तेलावर कांदा, लसूण, थोडी ढोबळी मिरची परतावी, दीड वाटी तांदूळ घालून दोन मिनिटं हलवावं, मग बरबटी आणि मोजलेलं पाणी. एचएमटी तांदूळ असेल तर दुपटीच्या आसपास पाणी लागतं. नवा असेल तर हात आखडता घ्यावा, नाहीतर खिचडी होते. मीठ, कुटलेलं मिरं, झाकण आणि मंद आच. मूळ पदार्थात धुरावलेलं डुकराचं मांस असतं. आपण शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार द्यावा. चव बरीच जवळ जाते.

हा एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातली वेगळी लोंबी हेरून तयार केला, हेही भात शिजेपर्यंत मुलांना सांगून होतं. तिकडच्या जुन्या वाणाचं नाव कॅरोलायना गोल्ड. तो जवळजवळ नाहीसा झाला होता, विसाव्या शतकाच्या अखेरीस काही शेतकऱ्यांनी तो पुन्हा पेरायला घेतला.

दुसरा भात न्यू ऑर्लिन्सचा. या शहरात सोमवारी राजमा-भात खायची जुनी चाल आहे, कारण सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. बाईमाणसाला चुलीपाशी उभं राहायला वेळ नसे, म्हणून राजम्याचं भांडं मंद आचेवर ठेवून दिलं की दिवसभर शिजत राही. थोर जाझ वादक लुई आर्मस्ट्राँगला हा पदार्थ इतका प्रिय होता की पत्राच्या शेवटी सही करताना तो राजमा-भाताचं नाव घाली. तिथली फोडणी कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तीन भाज्यांची. आपल्याकडे सेलरी सहसा मिळत नाही, कोथिंबिरीच्या जाड काड्या बारीक चिरून घालाव्यात. गंमत आहे ती शेवटी. शिजलेले मूठभर दाणे पळीच्या पाठीनं भांड्याच्या कडेला चेंगरायचे, की रस्सा आपोआप दाट होतो. पीठ नको, मलई नको. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाला गॅस बंद करून द्यावं.

मक्याच्या पावात मुलांचा जीव अधिक रमतो. दक्षिणेकडच्या राज्यांत तो बिडाच्या कढईत भाजतात. दोन वाट्या मक्याचा जाडसर रवा, तेवढंच ताक, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मीठ, एखादं अंडं. अंडं चालत नसेल तर दोन चमचे दही. इकडे बिडाच्या कढईत चार चमचे तूप धूर येईपर्यंत तापवायचं आणि त्यात पीठ ओतायचं. चर्र असा आवाज झालाच पाहिजे. तो झाला नाही तर कडेला खरपूस पापुद्रा येत नाही. ओव्हन नसेल तर झाकण ठेवून, खाली तवा देऊन मंद आचेवर अर्धा तास. तापलेली कढई मोठ्यांनीच हाताळावी, याला अपवाद नको.

मक्याची एक गोष्ट मोठ्या मुलांना जरूर सांगावी. तिथले मूळ रहिवासी मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मका घेतला, ही रीत घेतली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतले गरीब लोक जवळजवळ मक्यावरच जगत होते आणि पेलाग्रा नावाच्या रोगानं हजारोंनी मेले. दोष आहारातच आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून पुढे संशोधन करून दाखवलं.

त्याच मूळ रहिवाशांची मका, शेंगा आणि कोहळं एकत्र लावायची पद्धत आहे. मक्याच्या धांड्यावर शेंगेचा वेल चढतो, कोहळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. मका आणि शेंगेतली डाळ एकत्र खाल्ली की प्रथिनांची उणीव भरून निघते. आपल्या वरण-भाताचंही गणित तेच. मक्याचे कोवळे दाणे आणि पोपटाचे दाणे लोण्यावर परतून, थोडं पाणी घालून शिजवले की सकोटॅश होतं. हे सोलायचं काम आहे, करायचं फारसं नाही.

तळ्यांच्या जिल्ह्यातल्या मुलांना मिनेसोटाची हकिकत विशेष आवडावी. तिथले ओजिब्वे लोक तळ्यांत आपोआप उगवणारा रानतांदूळ होडीतून गोळा करतात. एक जण होडी ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी लोंब्या वाकवून झोडतो. काही दाणे होडीत, काही पाण्यात, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. वनस्पती म्हणून तो आपल्या भातापेक्षा वेगळा आहे. पण शेजारच्या छत्तीसगडात हलषष्ठीला नांगर न लागलेल्या जमिनीतला पसहर तांदूळ खातात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मुलांना हाताशी घेऊन शिकवायची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. १९१० साली साउथ कॅरोलायनातल्या मेरी क्रोमर या शिक्षिकेनं खेड्यातल्या मुलींचं टमाटर मंडळ सुरू केलं. मुलींनी थोड्याशा जागेत टमाटर लावायचे, डबाबंद करायचे आणि विकलेल्या मालाचे पैसे स्वतःकडे ठेवायचे. अशा मंडळांतूनच पुढे फोर-एच ही मोठी चळवळ उभी राहिली. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ॲलिस वॉटर्स यांनी एका शाळेत बाग आणि स्वयंपाकघर जोडून दिलं. आपल्याकडेही कितीतरी जिल्हा परिषद शाळांत परसबागा आहेत. त्यातला भाजीपाला पोषण आहाराच्या भांड्यात जातो. ती भाजी चिरायला आणि फोडणीचा वास घ्यायला मुलांना महिन्यातून एकदा तरी बोलवावं, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

घरच्यांसाठी एवढंच. सगळे पदार्थ एकाच सुट्टीत करू नका. येत्या ३१ डिसेंबरला रात्री मुलांच्याच हातानं वाटीभर बरबटी भिजत घाला, जगाचा नकाशा समोर ठेवा आणि १ जानेवारीला दुपारी जेवायला हॉपिन जॉन करा, सोबत लाल माठाची भाजी.