फोन आपला, फाटक कुणाचे?

रिश्ता पाहायचा तर पूर्वी उमरेडहून मामू-खालांकडे निरोप जायचा. नागपूर, भंडारा, चंद्रपूरचे नातेवाईक चौकशी करायचे. आता अनेक घरांत स्थळे मोबाइलवरच पाहिली जातात. सोय मोठी आहे. पण या सोयीच्या दारावर कोण बसले आहे, हे आपण क्वचितच विचारतो.

१ मार्च २०२४ रोजी ते उघड झाले. ‘मुस्लिम मॅट्रिमनी’, ‘भारत मॅट्रिमनी’, ‘शादी डॉट कॉम’, ‘नोकरी’ अशी भारतीय अ‍ॅप्स गुगलने प्ले स्टोअरमधून काढली. वाद शुल्काचा होता. अ‍ॅपमधून ग्राहक जे पैसे भरतो, त्यावर गुगल ११ ते २६ टक्के मागत होते. ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप आधीच होते, त्यांचे चालू राहिले. नव्याने शोधणाऱ्याला मात्र ते तिथे मिळेना. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत आली.

सेवा घेता तर मोबदला द्या, हे गुगलचे म्हणणे. त्यात गैर काही नाही. पण बाजार, वाट आणि पहारेकरी एकाच मालकाचे असतील, तर भाव रास्त की नाही हे कोण पाहणार? याच कारणाने भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड कायम राहिला.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरबाहेरूनही अ‍ॅप घेता येते. आयफोनवर भारतातील सामान्य ग्राहकाला अ‍ॅपलच्याच स्टोअरमधून घ्यावे लागते. मोकळ्या वाटेने चोरही येतात: लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. म्हणून पहारा हवाच. जुन्या मुस्लिम शहरांत मुहतसिब बाजारातली मापे-वजने तपासत असे; आजच्या पहारेकऱ्याचे मापही कुणीतरी तपासायला हवे.

घरात आपण एवढे करू शकतो. अनोळखी फाइल उघडू नये. गरजेच्या सेवेच्या वेबसाइटचा पत्ता लिहून ठेवावा. अ‍ॅप गेले तरी ती ब्राउझरमध्ये उघडते. पसंत पडलेल्या स्थळाचा फोन नंबर, पत्ता वहीत उतरवावा. आणि मामू-खालांचा सल्ला घेणे सोडू नये. ते दार कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही.